उमेदवारीचें वेतन

मराठींत ‘उमेदवार’ हा शब्द फारसींतून आला. उमेद म्हणजे आशा. जो आशा धरून बसला आहे तो उमेदवार. हल्लीं निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द भिंतीभिंतींवर झळकतो, त्यामुळें त्याचा जुना अर्थ आपल्या ध्यानांतून गेला आहे. आपल्या पणजोबांच्या काळीं उमेदवार म्हणजे कचेरींत किंवा पेढीवर महिनोन् महिने विनावेतन लेखणी झिजविणारा तरुण. कागदांच्या नकला कराव्या, खतावणी लिहावी, वरिष्ठांची मर्जी सांभाळावी आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहावी, असा त्याचा क्रम असे. ज्याच्या घरीं दोन वेळचें अन्न होतें त्यालाच ही आशा परवडे. ज्याच्या घरीं तें नव्हतें त्याला उमेदवार होतांच येत नसे, मग त्याचें अक्षर कितीहि वळणदार असो. आशेला देखील भांडवल लागतें, ही गोष्ट त्या एका शब्दांत सांठवलेली आहे.

हा जुना शब्द आज आठवण्याचें कारण असें कीं, शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं शिकत असतांनाच गांवच्या धंद्यांत कांहीं काळ उमेदवारी करावी, हा विचार पुनः पुढें आला आहे. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें असें सुचविलें कीं, सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर घरीं ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखालीं काढावे, आणि बारावीपर्यंतच्या मुलांनाहि सुटीच्या दिवसांत वगैरे अशी संधि मिळावी. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तींत बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविलें; परंतु ती योजना अठरा वर्षें पुरीं झालेल्या तरुणांची आहे. एकीकडे कोवळ्या मुलांचे दहा दिवस आहेत, त्यांत वेतनाचा प्रश्न नाहीं. दुसरीकडे वेतन आहे, पण शाळा मागें पडलेली आहे. या दोहोंच्या मध्यें नववी ते बारावींत शिकणारीं, चौदा ते अठरा वर्षांचीं मुलें उभीं आहेत. त्यांनीं आठवड्यांतील कांहीं तास किंवा सुटींतील कांहीं आठवडे गांवांतल्या दुकानांत, कारखान्यांत, छापखान्यांत किंवा दवाखान्यांत काम केलें, तर त्या कामाचें वेतन त्यांस द्यावें काय? आणि द्यावें, तर तें नेमकें कशाचें?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या दृष्टीनें पाहिला तर फारसा अवघड वाटत नाहीं. तो नंदुरबारच्या दृष्टीनें पाहिला पाहिजे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा झाला. सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास. तींत शेंकडा ६९ लोक आदिवासी, आणि साक्षरता शेंकडा ६४, म्हणजे त्या वेळीं महाराष्ट्रांत सर्वांत कमी. आपल्या सुशिक्षित घरांत काम ही मुलाच्या आयुष्यांत पुढें केव्हां तरी येणारी गोष्ट असते. आधीं शाळा, मग कॉलेज, मग नोकरी. येथें पुष्कळ घरांत काम आधीं येऊन बसलेलें असतें आणि शाळेलाच आपली जागा शोधावी लागते. हिंवाळ्यांत नंदुरबारच्या आसपास मोकळ्या जागेंत मिरचीच्या पथाऱ्या पडतात. बाजारांत आलेली ओली लाल मिरची तेथें पसरून वाळवितात, उलथतात, निवडतात, तिचे देठ खुडतात. कामावर येणाऱ्या बायांच्या डोळ्यांतून पाणी वाहतें आणि हात रात्रीपर्यंत जळत राहतात. आईबरोबर मूल आलें कीं त्याचेहि हात त्या ढिगांत गुंततात. पावसाळा सरला कीं मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें ऊसतोडीसाठीं दक्षिण गुजरातच्या वाटेला लागतात, आणि शाळेच्या हजेरीपटावर एकाच ओळींतील पुष्कळ नांवांपुढें गैरहजेरी पडत जाते.

खानदेशांत आणखी एक जुनी रीत आहे : सालदारकी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत तो एका शेतकऱ्याचा बांधलेला गडी असतो. आगाऊ घेतलेली रक्कम फिटली नाहीं तर पुढचें सालहि त्याच दारीं जातें. शहादें-तळोदें भागांत अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी पुढाऱ्यांनीं आणि १९७२ सालीं निघालेल्या श्रमिक संघटनेनें सालदारांच्या मजुरीचा व हिरावल्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न हातीं घेतला, हा इतिहास फार जुना नाहीं. तेव्हां या जिल्ह्यांत कोणी उठून म्हणाला कीं, ‘मुलाला कामास लावूं आणि पैसे देऊं,’ तर ऐकणाऱ्या बापाला त्यांत नवें असें कांहींच दिसणार नाहीं. सवेतन उमेदवारीचा पुरस्कार करणाऱ्यानें आधीं हें सांगितलें पाहिजे कीं, ही गोष्ट पथारीहून, उचलीहून आणि सालदारकीहून कोणत्या बाबतींत निराळी आहे.

सरकारी भाषेंत अशा पैशाला ‘विद्यावेतन’ म्हणतात. हा समास कसा सोडवावा, यावर सगळा वाद अवलंबून आहे. ‘विद्येसाठीं वेतन’ असा विग्रह केला तर तें देणगीचें रूप घेतें आणि देणारा उपकारकर्ता होऊन बसतो. ‘विद्या हेंच वेतन’ असा विग्रह केला तर जुनी फुकट उमेदवारी मागील दारानें परत येते. आमच्या मतें हा द्वंद्वसमास आहे : विद्या आणि वेतन. मालकाच्या माथीं येथें दोन ऋणें आहेत. मुलानें जें काम केलें त्याचें मोल देणें हें एक, आणि मूल शिकावयास आलें आहे म्हणून त्यास शिकविणें हें दुसरें. यांपैकीं एक फेडल्यानें दुसरें फिटत नाहीं. कचेरींतील जुना अधिकारी म्हणे, ‘मी तुला शिकवितों, मग पगार कसला?’ पथारीवरचा ठेकेदार म्हणतो, ‘मी तुला मजुरी देतों, मग शिकवायचें कसलें?’ दोघांचीं वाक्यें उलट आहेत, पण अन्याय एकच आहे. दोघेहि एका ऋणाच्या पावतीवर दुसरें ऋण फिटल्याचें लिहून घेतात.

यांतील पहिलें ऋण मोजण्यास सोपें आहे. दुसरें फिटलें कीं नाहीं, हें कसें ओळखावें? मिरचीच्याच व्यापाराचें उदाहरण घेऊं. एखादा सोळा वर्षांचा मुलगा एखाद्या व्यापाऱ्याकडे हंगामभर राहिला. आज त्यानें देठ खुडले, उद्यां देठ खुडले, आणि हंगाम संपतांना तो देठच खुडीत आहे. तर त्याला मजुरी चोख मिळाली असली तरी तो उमेदवार नव्हता, मजूर होता. याच्या उलट, मिरचींत ओलावा किती उरला आहे हें हातांनीं कसें ओळखावें, प्रत कशी लावावी, लिलावांत भाव कसा चढतो व कां पडतो, वजनांतून घट कशी धरतात, आणि शेतकऱ्याच्या हातीं पडणारी हिशेबपट्टी ओळीओळीनें कशी वाचावी, हें तो शिकला, तर त्याच पथारीवर त्याची उमेदवारी झाली. काम तेंच, धूळ तीच; पण एका मुलाचे हात व्यापाऱ्याला मिळाले, आणि दुसऱ्याला व्यापार समजला.

या दुसऱ्या ऋणाची एक अडचण मात्र उघड बोलली पाहिजे. जो मुलगा पट्टी वाचावयास शिकेल तो घरीं जाऊन बापाचीहि पट्टी वाचील. जो वजनाचा हिशेब शिकेल तो कांट्याकडे बारकाईनें पाहील. म्हणून कांहीं मालकांना वेतन देणें जितकें सोपें वाटतें तितकें शिकविणें वाटत नाहीं. वेतन खिशांतून जातें, आणि शिकविल्यानें पुष्कळदां जुना वरचष्मा जातो. पण नीतीचा प्रश्न येथेंच सुरू होतो. ज्या ज्ञानानें मूल आपल्या बरोबरीचें होण्याचा संभव आहे तें ज्ञान जो हातचें राखून ठेवतो, त्यानें कितीहि वेतन दिलें तरी तो शिक्षक होत नाहीं. आणि जो तें मोकळ्या हातानें देतो तो वेतन कमी देऊं शकला तरी मुलाच्या मनांत त्याचें नांव राहतें. अर्थात् या शेवटच्या वाक्याचा आधार घेऊन कोणी वेतन कमी करूं लागेल, तर त्यानें वरील द्वंद्वसमास पुनः एकदां वाचावा.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप सुसंस्कृत घरांतून येतो. विद्येच्या वयांत मुलाच्या हातीं पैसा पडला तर त्याचें मन विद्येवरून उडेल, ज्ञानाची गोडी बाजारांत विकली जाईल, असें पुष्कळांस वाटतें. या भीतींत तथ्य आहे, पण तिच्यामागें एक गृहीत आहे : कीं शिकणाऱ्याच्या अन्नाची सोय दुसऱ्या कोणी तरी केलेली आहे. पुण्यांत गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून आणि वार लावून शिकले, याची हकीकत आपण अभिमानानें सांगतों, आणि त्यांची चिकाटी खरोखरच अभिमानास्पद होती. तथापि माधुकरीचें दार सर्वांना उघडें नव्हतें. तें जातीच्या उंबरठ्यावर थांबत असे, आणि ज्याच्या घरीं वार असेल त्याच्या उपकाराचें ओझें विद्यार्थ्यास मान खालीं घालून वाहावें लागे. भाऊराव पाटलांनीं दुसरी वाट काढली. १९१९ सालीं त्यांनीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढें साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहूं-जेवूं लागलीं आणि आपलीं कामें आपणच करूं लागलीं. १९४० सालीं त्यांनीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नांवानें हायस्कूल काढलें, तें याच ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. जें मूल आपल्या श्रमावर जेवतें त्याला जेवणाबद्दल कोणाचे पाय धरावे लागत नाहींत. पैशानें विद्येची गोडी गेली, असें त्या शाळांचा इतिहास सांगत नाहीं. त्यांतून बाहेर पडलेलीं माणसें खेड्याखेड्यांत शाळा काढीत गेलीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शाळेच्या दारांत पैसा आला कीं शाळेचाच कारखाना होईल, हा तो आक्षेप. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं जी शिक्षणपरिषद भरली, तींत हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षणाची रचना करावी आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकांच्या पगाराचा खर्च निघावा, असा विचार मांडला गेला. त्यावर मोठा वाद झाला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें योजनेचा आराखडा तयार केला, तेव्हां तिनें स्वतःच इशारा दिला कीं, उत्पन्नावर भर देतां देतां शिक्षणाचा आणि संस्काराचा हेतु बळी पडण्याचा धोका आहे. हा इशारा देणारे लोक योजनेचे शत्रु नव्हते, कर्ते होते. म्हणून त्याचें वजन जास्त. इंग्लंडांत याच्याहि पूर्वीं हा धोका प्रत्यक्ष घडून गेला होता. तेथील सूतगिरण्यांत अनाथ व दरिद्री मुलांना ‘उमेदवार’ म्हणूनच नेत असत, आणि १८०२ सालीं पार्लमेंटला त्या मुलांच्या प्रकृतीसाठीं व नीतीसाठीं म्हणून एक कायदा करावा लागला. तींत त्यांच्या कामाचे तास बारांवर आणावे लागले आणि त्यांना लिहावाचावयास शिकवावें असें लिहावें लागलें. शिकविण्याच्या नांवाखालीं ज्यांना आणलें होतें त्यांना शिकवा, असें सांगण्यासाठीं कायदा लागावा, यापरतें त्या शब्दाचें अधःपतन कोणतें!

आपल्या देशांतील १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमांत या बाबतींत एक शहाणपणाचें कलम आहे. उमेदवारास नगावर मजुरी देऊं नये, असें त्यांत सांगितलें आहे. वरवर पाहतां हें कलम हिशेबाचें वाटतें. परंतु त्यांत शिक्षणाचें सगळें तत्त्व आलें आहे. नगावर पैसे मिळूं लागले कीं मुलाला जें आधींच येतें तेंच तो वेगानें करीत राहतो. नवें शिकण्यांत वेळ मोडतो, माल बिघडतो, हात अडखळतो. नगाच्या हिशेबांत या सर्वांचा दंड होतो. ठराविक विद्यावेतनांत मात्र अडखळण्यास जागा असते. चूक करण्याची मुभा आणि तिचा खर्च मुलाच्या अंगावर न टाकणें, एवढ्या एका गोष्टीवरून उमेदवारी आणि मजुरी यांच्यांतील फरक ओळखतां येतो. पथारीवर देठ खुडण्याची मजुरी मापावर मिळते. शिकाऊ मुलाला ती तशी देतां कामा नये.

तिसरी गोष्ट, वेतन कोणाच्या हातीं पडतें ही. अमेरिकेंत शिकागो शहरीं १९९६ सालीं क्रिस्तो रे नांवाची एक जेसुइट शाळा निघाली. तेथील गरीब घरचीं मुलें महिन्यांतून पांच दिवस शहरांतील कचेऱ्यांत काम करतात आणि त्यांची मिळकत शाळेच्या खर्चास लागते. त्यामुळें शाळा चालते, मुलें शिकतात, हें खरें. पण त्या मुलाच्या हातीं स्वतःच्या कष्टाचा पैसा पडत नाहीं, हेंहि खरें. नंदुरबारकडे हा प्रश्न निराळ्या रूपानें येईल. येथें पैसा घराकडे ओढला जाईल. ज्या घरांत आजारपणासाठीं कर्ज झालें आहे त्या घराला मुलाचें विद्यावेतन दिसत असतां तें त्याच्या नांवें बँकेंत पडून राहूं द्या, असा उपदेश करणें भरल्या पोटाचें लक्षण आहे. मुलानें घराला हातभार लावावा यांत अनीति कांहीं नाहीं. उलट, पुष्कळ मुलांना त्यांत मोठा आनंद वाटतो. परंतु दोन गोष्टी सांभाळल्याच पाहिजेत. वेतन मुलाच्या वा मुलीच्या स्वतःच्या नांवें, काम झाल्यावर मिळावें. आणि त्यावर आगाऊ उचल कोणी कोणास देऊं नये. बापानें उचल घेतली कीं मुलाची उमेदवारी संपली आणि सालदारकी सुरू झाली, मग करारावर शाळेचा शिक्का का असेना. मुलींच्या बाबतींत तर हें अधिकच खरें. जी मुलगी स्वतःच्या नांवें चार पैसे मिळविते तिच्या लग्नाची घाई करतांना घरचीं माणसें एकदां तरी थांबतात.

उचलीच्या प्रश्नाशीं निगडित असा प्रश्न आहे, तो सोडून जाण्याच्या मोकळीकीचा. कांहींजण म्हणतात, या वयाच्या मुलांस जबाबदारी पेलत नाहीं. नंदुरबारास तरी हें म्हणणें शोभत नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं याच शहरांत तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता, आणि त्याच्याबरोबर गोळीबारांत पडलेले सोबतीहि कोवळ्या वयाचेच होते. या वयांत मनुष्य काय पेलूं शकतो, हें त्या गांवास शिकवावयास नको. परंतु त्याच उदाहरणांतून दुसरीहि गोष्ट निघते. तीं मुलें स्वतःच्या इच्छेनें आलीं होतीं. त्यांना कोणी कराराने बांधून आणलें नव्हतें. जबाबदारीला जो तेज देतो तो इच्छेचा भाग. म्हणून ज्या उमेदवारींतून मुलाला मधेंच उठून शाळेंत परत जातां येत नाहीं, ज्या कामाची वेळ आणि परीक्षेची वेळ यांत कामाला मान मिळतो, ती उमेदवारी शाळेनें आपल्या नांवावर चालूं देऊं नये. कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणें २०१६ पासून जवळजवळ सर्वत्र बंद केलें आहे आणि अठरापर्यंत धोक्याचीं कामें वर्ज्य केलीं आहेत. पण कायदा वय मोजतो. मुलाची इच्छा आहे कीं नाहीं, हें हेडमास्तरांनींच पाहावयाचें असतें.

आतां मालकाचीहि बाजू ऐकली पाहिजे. मुंबईच्या मोठ्या कंपनीची गोष्ट वेगळी. नंदुरबारांत किंवा शहाद्यांत मोटारी दुरुस्त करणारा, छापखाना चालविणारा, नवापूरकडे बांबूच्या टोपल्या विणणारा कोटवाळिया, धडगांवकडे आमचूर करणारी बाई, हीं सर्व माणसें स्वतःच तुटपुंज्या मिळकतीचीं. नवशिका मुलगा माल नासवणार, वेळ खाणार. आणि वर त्याला वेतनहि द्या, हें त्यांस सांगणें न्यायाचें नाहीं. उलट, येथें एक गोष्ट आपण नेहमीं विसरतों कीं, शिकविणारा कारागीर हाहि शिक्षकच आहे आणि शिक्षकाला मानधन असतें. मुलाचें वेतन आणि कारागिराचें मानधन, दोहोंचा भार समाजानें उचलावयास हवा. केंद्र सरकारनें २०१६ सालीं उमेदवारांच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, देण्याची योजना काढली. पण ती कायद्याच्या चौकटींत बसणाऱ्या आस्थापनांची. आमचूर करणारी बाई त्या चौकटींत कोठें बसणार?

या बाबतींत महाराष्ट्रानें एक चांगला धडा घालून दिलेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं मोठ्या कंपनींतील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें विज्ञान आश्रम काढला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमांत आठवी ते दहावीचीं मुलें आठवड्यांतील एक दिवस हातांनीं काम करतात : लोखंडकाम, वीज, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. गांवकऱ्यांना लागणारीं कामें तीं मोल घेऊन करून देतात. मोल घेतल्यामुळें काम नीट व्हावें लागतें; फुकटच्या कामाला कोणी नांवें ठेवीत नाहीं, आणि नांवें ठेवली गेल्याशिवाय हात सुधारत नाहीं. वेतनाचा हा एक गुण सहसा कोणी सांगत नाहीं. वेतन घेणाऱ्याला काम चोख करण्याची लाज राहते, आणि वेतन देणाऱ्याला काम चोख मागण्याचा अधिकार येतो. परदेशांतहि जेथें ही रीत मुरली आहे तेथें ती याच पायावर उभी आहे. स्वित्झर्लंडांत सक्तीची शाळा संपलेल्या मुलांपैकीं सुमारें दोन तृतीयांश मुलें उमेदवारीला जातात. आठवड्याचे तीन-चार दिवस कामावर, एक-दोन दिवस शाळेंत, करारांत लिहिलेलें वेतन वर्षागणिक वाढत जाणारें. आणि तेथें शिकविणाऱ्यालाहि शिकविण्याचें शिक्षण घ्यावें लागतें. त्या देशाची श्रीमंती आपल्यापाशीं नाहीं. पण मालकानें शिकविणें हें त्याच्या मर्जीवर न सोडतां कर्तव्य म्हणून लिहून ठेवणें, याला श्रीमंती लागत नाहीं.

शेवटीं हा लेख वाचणाऱ्या घरांविषयीं दोन शब्द. आपल्या घरचा मुलगा दहावीनंतरच्या सुटींत मामाच्या कचेरींत किंवा ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत जाऊन बसतो, तेव्हां त्याला आपण ‘अनुभव’ म्हणतों. त्याच वयाचा तोरणमाळच्या बाजूचा एखादा मुलगा त्याच सुटींत हॉटेलांत बशा धुतो, तेव्हां त्याला आपण ‘काम’ म्हणतों. पहिल्याला वेतन मिळालें नाहीं तरी चालतें, कारण त्याच्या मागें घर आहे. त्याला शिकवितातहि, कारण त्याच्या मागें ओळख आहे. दुसऱ्याला चार पैसे देऊन विषय संपतो. या दोन शब्दांतील अंतर मुलांच्या अकलेचें नाहीं. आपल्या ओळखीपाळखीचें आहे. शाळेच्या मार्फत, लेखी करारानें, वेतन देऊन चालणारी उमेदवारी म्हणजे ज्या मुलाला मामा नाहीं त्याला मामा मिळवून देण्याची सोय. आपल्यांतील वकील, वैद्य, दुकानदार, मुद्रक, पतपेढीचे संचालक हेच त्या करारावर मालक म्हणून सही करणार आहेत. तेव्हां हा प्रश्न सरकार काय करील असा नाहींच. आपल्या टेबलाजवळ एक खुर्ची वाढवून तिच्यावर बसलेल्या अनोळखी मुलाला आपण आपल्या धंद्यांतील खरी गोष्ट सांगूं कीं चहा आणावयास पाठवूं, असा आहे.

‘उमेदवार’ या शब्दांतली आशाहि शेवटीं विसरतां येत नाहीं. २०२४ च्या युवा योजनेंतील प्रशिक्षणार्थींची मुदत संपत आली तेव्हां त्यांनीं कायम नोकरी मागत आंदोलनें केलीं. कित्येकांनीं त्यांना हट्टी म्हटलें. परंतु ज्याला सहा महिने दररोज कचेरींत बोलावलें त्याच्या मनांत आशा उत्पन्न होणार नाहीं, असें मानणें हाच भाबडेपणा. आशा लावणाऱ्यानें ती कोठपर्यंत पुरी होईल हें पहिल्याच दिवशीं सांगावें, ही साधी सचोटी आहे. नोकरीचें वचन देतां येत नसेल तर तसें सांगावें. पण ‘येथून जातांना तुझ्या हातीं अमुक एक विद्या असेल’ हें वचन तरी द्यावें आणि पाळावें. नंदुरबारच्या मुलाला आजवर मुकादमानें उचल दिली, मालकानें मजुरी दिली, सरकारनें योजना दिल्या. पट्टी कशी वाचावी, हें त्याच्या शेजारीं बसून सांगणारा माणूस मात्र त्याला क्वचितच भेटला. तो माणूस भेटेल, तेव्हां वेतनाची रक्कम किती हा प्रश्न दुय्यम ठरेल; आणि तो भेटत नाहीं तोंवर तीच रक्कम कसोशीनें, तिच्या तारखेला, मुलाच्या स्वतःच्या हातीं पोंचविणें, एवढें तरी आपण बिनचूक केलें पाहिजे.